घरी शिकवा म्हणजे घरी बसवा नव्हे

"हिला घरीच शिकवा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीला बसेल." आठवीचा निकाल लागला की हे वाक्य शाळाशाळांच्या ऑफिसात ऐकू येतं. सांगणाऱ्या सरांचा आवाज मऊ असतो. वर "तिच्याच भल्यासाठी सांगतोय" हेही असतं. समोरचे आईबाप मान डोलावतात, दाखला घेतात आणि घरी येतात. पुढच्या जूनमध्ये त्या घरात कुणी शिकवत नसतं आणि कुणी शिकत नसतं. मुलगी भाकऱ्या थापत असते, मुलगा असेल तर गॅरेजात पाने उचलून देत असतो. सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख केव्हाच निघून गेलेली असते.

घरी शिकवण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः माझ्या मुलीला नववीपासून घरी शिकवते आहे. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन अक्षमता, आणि आकड्यांशीही तिचं फारसं पटत नाही. म्हणूनच सांगते, घरी शिकवणं हे रोजचं काम आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, नोंदणी लागते, वेळापत्रक लागतं. घरी बसवायला काहीच लागत नाही. या दोन्ही गोष्टींना एकच नाव दिलं की सगळ्यांची सोय होते. शाळेची होते, नातेवाइकांची होते, मोहल्ल्याची होते. गैरसोय होते ती एकट्या मुलाची, आणि त्याला कुणी विचारत नाही.

आधी शाळेचं बोलू. नववीतच ही मुलं का गाळली जातात? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवी. वर्षानुवर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. नियम चांगल्या हेतूचा होता, पण अनेक शाळांनी त्याचा अर्थ सोयीचा लावला: पास करायचंय ना, मग तपासायचं कशाला? मूल तिसरीत अक्षरं उलटसुलट वाचत होतं, पाचवीत फळ्यावरचं उतरवून घेताना अर्धी ओळ गाळत होतं, सातवीत तोंडी सगळं सांगत होतं आणि पेपरात कोरं पान देत होतं. प्रत्येक वर्षी शेरा एकच, "लक्ष देत नाही". आता पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली आहे, पण जुनी सवय एवढ्याने जात नाही.

नववीत मात्र शाळेला अचानक जाग येते, कारण पुढे दहावी आहे. दहावीचा निकाल शाळेच्या नावावर लागतो. त्याचा फ्लेक्स चौकात लागतो आणि त्या फ्लेक्सवर पुढच्या वर्षीचे प्रवेश येतात. ज्याच्यामुळे शंभर टक्क्यांचे अठ्ठ्याण्णव होतील असं मूल वर्गात नको असतं. त्याला नापास केलं तर बोभाटा होतो. "घरी शिकवा" म्हटलं की बोभाटाही नाही आणि हिशोबही नाही.

याच शाळेला कायदा काय सांगतो तेही ऐकून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांतला एक. वाचनाची, लेखनाची, गणिताची अडचण यात येते. सरकारी असो, अनुदानित असो की नुसती मान्यताप्राप्त, अशा मुलाला भेदभाव न करता सामावून घेणं शाळेवर बंधनकारक आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं याच कायद्यात लिहिलेलं आहे. आणि ज्याच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त लिहिलं आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, हा कायदा अठरापर्यंत धरून ठेवतो. नववी-दहावीची वर्षं नेमकी या दोन आकड्यांच्या मधली. तेव्हा "आता आमची जबाबदारी नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका, "लेखी द्या" म्हणा. माझा अनुभव आहे, लेखी कुणी देत नाही.

आता आपल्याकडे वळते. कारण सगळं खापर शाळेवर फोडून मोकळं होणं हा आपला आवडता उद्योग आहे.

शाळेने बाहेरचा रस्ता दाखवला की आपल्या मोहल्ल्यात तीन वाटा तयार असतात. पहिली, "पढाईत कच्चा आहे ना, हिफ्जला टाका." म्हणजे जे मूल छापील अक्षरांसमोर गोंधळतं, त्याला आणखी एका लिपीसमोर बसवायचं आणि तिथेही गोंधळलं की मार खायला लावायचा. हिफ्ज ही मोठी गोष्ट आहे. ती ज्याच्या मनात आहे त्याने करावी. नापास मुलांची सोय लावण्याची जागा म्हणून तिचा वापर करणं हा हिफ्जचाही अपमान आहे आणि मुलाचाही. दुसरी वाट, गॅरेज, बेकरी, फॅब्रिकेशनचं दुकान. "हाताला हुनर लागेल." हुनर वाईट नाही, पण चौदाव्या वर्षी दहावीशिवाय लागलेलं हुनर माणसाला आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली ठेवतं. तिसरी वाट मुलींची. तिचं नाव मी घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. "घरी शिकतेय" हे शब्द त्या वाटेवर फार उपयोगी पडतात, कारण ते ऐकल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच सुटली. हा आकडा आपण भाषणांत किती वेळा ऐकला! गरिबी, दूरची शाळा, भेदभाव ही कारणंही ऐकली. सगळी खरी आहेत. पण त्या सुटलेल्यांत अशी मुलं नव्हती असं कोण म्हणेल, ज्यांना कुणी साधं विचारलं नाही की बाळा, तुला अक्षरं दिसतात कशी?

कुणी म्हणेल, आता डिस्लेक्सिया सगळ्यांना कळतो, २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला तेव्हापासून. होय, शब्द कळला. सोबत एक खुळही आलं. अशा मुलात लपलेला चित्रकार असतोच, असं लोक धरून चालतात. माझ्या मुलीबद्दल कळलं तेव्हा तीन नातेवाइकांनी तिला रंगपेट्या आणून दिल्या. तिला चित्रकलेत काडीचा रस नाही. ती बिघडलेला मिक्सर उघडून बसते आणि तिला आयटीआयला जायचं आहे. अशा मुलाला लायक ठरण्यासाठी असामान्य असावं लागत नाही. ते साधारण असलं तरी त्याचा शिकण्याचा हक्क तेवढाच आहे.

तर आता खरा प्रश्न. समजा तुम्ही सगळा विचार करून, मुलाला विचारून, घरी शिकवायचं ठरवलं. मग अभ्यासक्रम कोणता? इथे मी लोकांना उलट्या बाजूने चालताना बघते. आधी मंडळाचं नाव ठरतं: "आमच्या मुलाला आंतरराष्ट्रीय बोर्ड", "आम्ही सेंट्रलचं घेतलं", "एसएससीशिवाय किंमत नाही". मग त्या मापात मूल कोंबलं जातं. शिंपी कापड पाहून आणि माप घेऊन कात्री चालवतो. आपण आधी सदरा शिवतो आणि मग मुलाला म्हणतो, पोट आत घे.

माप घेणं म्हणजे अडचण नेमकी कोणती ते कळणं. हे घरात बसून होत नाही. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं आणि चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. नववीच्या तोंडावर आलेल्या मुलाच्या आईबापांनी हा चौदाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, कारण जुनं प्रमाणपत्र घेऊन दहावीच्या दारात उभं राहण्यात अर्थ नसतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा तपासणीचं केंद्र कित्येक वर्षांपासून आहे. बाकी जिल्ह्यांत शासकीय रुग्णालयाच्या दिव्यांग मंडळाकडे चौकशी करावी लागते, चार खेपा घालाव्या लागतात. घाला. लग्नाच्या हॉलसाठी आपण दहा खेपा घालतो.

यात आपल्या मुलांची एक वेगळी गाठ आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा उर्दू माध्यमात आहे. तो घरी दखनी बोलतो. शाळेत उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतो, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. संध्याकाळी मकतबमध्ये अरबी. म्हणजे चार भाषा, तीन लिप्या आणि दोन दिशा. बरं, प्रत्येक लिपीचा काच वेगळा. कुराण शरीफच्या छपाईत जेर, जबर, पेश सगळं दिलेलं असतं. उर्दूच्या पुस्तकात ते बहुतेक गाळलेलं असतं, शब्द ओळखीचा असेल तरच वाचता येतो. शिवाय एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं, आणि एका नुक्त्याने शब्द बदलतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. इंग्रजीचं तर विचारूच नका, एकच अक्षर 'बट'मध्ये अ होतं आणि 'पुट'मध्ये उ. साधं मूल हे सगळं पचवतं. ज्याच्या मेंदूला अक्षर आणि ध्वनी यांची जोडी लावायला जास्त कष्ट पडतात, ते यात चिरडलं जातं, आणि आपण म्हणतो, "याचं लक्ष नाही."

तपासणीतही हीच गाठ आडवी येते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांतून डिस्लेक्सिया तपासण्याची 'डाली' नावाची चाचणी तयार केली. फार मोलाचं काम. तिच्या पहिल्या चार भाषा हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी होत्या. उर्दू नव्हती. मग उर्दू माध्यमाच्या मुलाची परीक्षा ज्या भाषेत तो शिकलाच नाही त्या भाषेत घ्यायची का? उर्दूच्या नावाने जलसे आणि मुशायरे भरवणाऱ्यांनी हा प्रश्न कधी हाती घेतला आहे का? भाषेवर प्रेम असेल तर त्या भाषेत अडखळणाऱ्या मुलाचाही विचार नको का?

आता पर्याय एकेक घेऊ.

पहिला, राज्य मंडळ आणि सतरा नंबरचा फॉर्म. हा वाईट नाही, पण लोक समजतात तेवढा सोपाही नाही. दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला तीन भाषा म्हणजे तीन डोंगर. मंडळाच्या सवलती आहेत: तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट, गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय. पण प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातो. म्हणजे ज्या शाळेने बाहेर काढलं तिच्याच किंवा तिच्यासारख्याच दुसऱ्या शाळेच्या दारात तुम्हाला पुन्हा उभं राहायचं आहे. शाळा चांगली असेल, मुख्याध्यापक माणूस असेल, तर मूल शाळेतच राहू द्या, सवलती घ्या आणि दहावी करा. घरी आणायची गरजच नाही. घरी शिकवून वर हीच परीक्षा द्यायची असेल तर घरी आणून मिळवलं काय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं मंडळ. दहावीसाठी वय किमान १४. विषय पाच, त्यांत भाषा एक असली तरी चालते, जास्तीत जास्त दोन. गणित सक्तीचं नाही. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं आणि नऊ संधी. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकेक विषय सुटा देता येतो. माध्यमांत मराठी आहे, उर्दूही आहे. मात्र सगळे विषय सगळ्या माध्यमांत नसतात, तेव्हा प्रवेशाआधी तपासा.

या मंडळाची सगळ्यात मोठी गोष्ट अशी की यातली लवचीकता मिळवायला प्रमाणपत्र लागत नाही. लेखनिक किंवा जादा वेळ हवा तर कागद लागतो, पण विषय निवडायला आणि एकेक परीक्षा द्यायला नाही. याचं महत्त्व 'स्लो लर्नर' म्हटल्या जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना विचारा. ही मुलं कायद्याच्या २१ प्रकारांत बसत नाहीत, वर्गाच्या वेगातही बसत नाहीत. त्यांना कुठलीच सवलत नाही, नुसता सल्ला आहे. त्यांच्यासाठी पाच वर्षं आणि नऊ संधी हीच सवलत.

पण इथेही एक सापळा आहे आणि तो गोड आहे. "गणित सोडून द्या, विज्ञान सोडून द्या, सोपे पाच विषय घ्या, दहावी पास." मुक्त विद्यालयाच्या नावाने क्लास चालवणारे हेच सांगतात, कारण त्यांना निकाल दाखवायचा असतो. शाळेचा फ्लेक्स तसा त्यांचा फ्लेक्स. अभ्यासक्रम निवडताना पुढची दारं मोजा. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अशा ट्रेडना दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. पॉलिटेक्निकला लागतं. अकरावी विज्ञानाला लागतं. ज्या मुलाला शिवणकाम, स्वयंपाक, व्यापार, भाषा यांत जायचं आहे त्याने गणित खुशाल सोडावं. माझ्या मुलीला मिक्सर उघडायचा आहे. तिला गणित सोडता येणार नाही. म्हणून आम्ही गणित ठेवलं, फक्त शेवटी ठेवलं. बाकी चार विषय आधी, दोन-दोन करून. गणित एकट्याने, शेवटच्या खेपेला, पूर्ण वर्ष फक्त त्याच्यासाठी. नापास झाली तर पुढची संधी आहे. अडचणीचा विषय सोडणं आणि अडचणीच्या विषयाला जास्त वेळ देणं यात फरक आहे. सोपं करून देणाऱ्या माणसाला विचारा, तू कुणाचं सोपं करतोयस?

तिसरा, केंब्रिजची आयजीसीएसई वगैरे. विषयांची निवड मोकळी, सवलतींची व्यवस्था पक्की. पण एकेका विषयाची फी आपल्यापैकी बहुतेकांच्या महिन्याच्या किराण्याच्या पुढची, आणि सगळं इंग्रजीत. घरात इंग्रजी बोलली जात असेल आणि खिसा भरलेला असेल तर विचार करा. मराठी किंवा उर्दू माध्यमातलं मूल नववीत उचलून त्यात टाकणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला आणखी खोल पाण्यात सोडणं.

चौथा पर्याय खरं तर पर्याय नाही, पण मोबाईलवर सगळ्यात जास्त तोच दिसतो. अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या पालकांची मोठी बाजारपेठ आहे. डिस्लेक्सियासाठीची वेगळी पाकिटं तिथे डॉलरमध्ये विकली जातात आणि आपल्याकडचे नोकरदार आईबाप ती मागवू लागले आहेत. त्यातल्या बऱ्याच पाकिटांच्या मुळाशी ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकात घडवलेली पद्धत आहे: एका वेळी एकच ध्वनी आणि एकच अक्षर, पायरीपायरीने, डोळा, कान, तोंड आणि हात एकत्र वापरून. पद्धत चांगली आहे. पण ती पाकिटात बंद नाही. ताटात रवा पसरा, बोटाने 'क' काढायला लावा, काढताना मोठ्याने म्हणायला लावा. आज क, उद्या का. मग 'कि' आणि 'की' शेजारी ठेवून. जोडाक्षर फोडून दाखवा. डॉलरचा इंग्रजी वाचनपाठ तुमच्या मुलाला मराठीची वेलांटी शिकवणार नाही, आणि त्यातला इतिहास-भूगोल तर दहावीला विचारलाही जाणार नाही. पद्धत घ्या, पाकीट राहू द्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर विशेष शिक्षकावर करा, आठवड्यातून एक तास का होईना. मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काम करते, तिथे मार्गदर्शन मिळतं. पुस्तकांवर खर्च नको. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत, मुक्त विद्यालयाचीही आहेत. ज्यांना छापील मजकूर वाचणं जड जातं त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय सुरू झालं, त्यात डिस्लेक्सियाची मुलंही धरली आहेत. साध्या मोबाईलवर मराठी मजकूर वाचून दाखवणारी सोय आहे. आमच्या घरी इतिहासाचा धडा आधी कानाने होतो, मग पुस्तक उघडतं.

यावर माझी सासू म्हणाली होती, "ऐकून ऐकून पढाई होते होय? ही तर आळशाची पढाई." मी त्यांना एवढंच विचारलं, आपल्या मशिदीत रमजानमध्ये जे दृष्टिहीन हाफिजसाहेब तरावीह पढवायचे त्यांनी कुराण शरीफ कसं याद केलं? ऐकूनच ना? त्यांच्यामागे आपण अदबीने हात बांधून उभे राहतो. त्यांचं इल्म खोटं आहे असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. ज्या उम्मतीचा ग्रंथ आधी कानांनी आणि छातीने जपला, तिने कानाने शिकणाऱ्या मुलाला आळशी म्हणावं? सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून धडा लागला की त्याही शेजारी बसू लागल्या. शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका त्यांनी नातीसोबत चार वेळा ऐकली.

घरी शिकवण्याचा भार कुणावर पडतो तेही लपवू नये. तो आईवर पडतो. मी नोकरी करते, नवरा दुकान सांभाळतो. सकाळी दीड तास माझा, रात्री दुकान बंद झाल्यावर एक तास त्याचा, दुपारी ती एकटी ऐकते आणि कागदावर आकृत्या काढते. शुक्रवारी सुट्टी. हे वेळापत्रक फ्रीजवर लावलेलं आहे आणि ते पाहुण्यांसाठी मोडलं जात नाही. त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. ज्या घरात हे होणं शक्य नाही, त्या घराने लाज न बाळगता शाळेशी भांडून मुलाला शाळेतच ठेवावं. त्यात कमीपणा नाही. शाळेत दोस्त असतात, मैदान असतं, घरापासून सुटका असते. मुलींच्या बाबतीत तर ही शेवटची गोष्ट फार मोठी असते.

म्हणून कुणी "आमची मुलगी घरी शिकते" म्हणालं की मी आता तीन प्रश्न विचारते. नोंदणी कुठल्या मंडळात झाली आणि पावती आहे का? रोज कोण शिकवतं, किती वेळ? पहिला पेपर कोणत्या महिन्यात? लोकांना राग येतो. येऊ दे. ज्यांची उत्तरं तयार असतात त्यांना राग येत नाही, ते उलट आपल्याला चार युक्त्या सांगतात.

जमातीकडे माझं मागणं मोठं नाही. आपण सामुदायिक निकाह लावतो, इफ्तार पार्ट्या करतो, दहावी-बारावीच्या गुणवंतांना ट्रॉफ्या वाटतो. त्याच खर्चातून वर्षाला पाच मुलांची तपासणी आणि पाच मुलांची नोंदणीची फी भरा. जुम्याच्या नमाजनंतर चंद्याची घोषणा होते, तिथेच प्रवेशाची शेवटची तारीखही सांगा. आणि सत्काराच्या रांगेत एक खुर्ची त्या मुलासाठी ठेवा ज्याने चौथ्या संधीत, ३३ टक्क्यांनी, एकच विषय काढला.

शाळांकडे मागणं त्याहून छोटं आहे. फ्लेक्स लावा, फोटो लावा, शंभर टक्के मोठ्या अक्षरात लिहा. फक्त त्याखाली दोन आकडे आणखी छापा: आठवीत या वर्गात किती मुलं होती, आणि दहावीला त्यांतली किती बसली. मधली वजाबाकी आम्ही करू. माझ्या मुलीला आकड्यांशी झगडावं लागतं, पण एवढी वजाबाकी तिलाही येते.